वांब

रात्री अडीचला पोटरी आपली राहत नाही.
आधी एक बोट वाकडं होतं, अंगठ्याशेजारचं,
मग कुणी कांडी भरायला घ्यावी तसं
मांस गरगर गुंडाळत वर चढतं
आणि गुडघ्यामागं येऊन घट्ट बसतं.
मराठीत वांब. आमच्यात म्हणतात पिक्क पट्टेसिंदी.
दोन्हीत ओरडून बघितलंय. फरक नाही.

हे आधी इरय्याचं दुखणं.
बारा तास उभा, चार मागांच्या मधे,
वर पत्रा, सोलापूरचा मे,
बनियन पिळलं की तांब्या भरावा.
तो ओरडायचा नाही. टॉवेल दातात धरायचा,
सेकंडातला, एका कडेला वीण चुकलेली.
मी दिवा न लावता उठायची.
टाच एका मुठीत, बोटं दुसऱ्या,
पंजा त्याच्याच नडगीकडं दाबायची,
हळू, झटका न देता,
गुडघा सरळ ठेव म्हणायची, तो ठेवायचा नाही.
पोत्यातलं मांजर तोंड शोधत फिरावं
तसा गोळा तळव्याखाली फिरायचा.
मग गप्प व्हायचा. गोळाही, इरय्याही.

सासू म्हणाली, उशाखाली लोखंड ठेवा.
सहा महिने धोटा ठेवून झोपला.
डोक्याला टेंगूळ आलं, पोटरी तशीच.
चहावाला म्हणाला केळी.
केळी चांगली होती.

शेवटी म्हमाणे डॉक्टरीणबाईंकडं गेलो, दोघं एकाच केसपेपरवर.
त्याला म्हणाल्या, उभं राहणं कमी करा.
मला म्हणाल्या, तुमचं बसणं कमी करा,
मांडीवर सूप घेऊन हजार विड्या, पाय कधी मोकळा होणार?
रिक्षात इरय्या हसायला लागला.
मी बसायचं नाही, तू उभं राहायचं नाहीस,
मग आडवंच व्हायचं ना दोघांनी,
आणि आडवं झालं की तर हे येतं!
रिक्षावाला आरशातून बघत होता.

पाणी किती पिता, असंही विचारलं होतं बाईंनी.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
चौथ्या दिवशी पिंप तिरकं करावं लागतं.
मी म्हटलं, पितो की.
बीपीची गोळी बघितली, लघवीची आहे म्हणाल्या, बदलली.
निजण्याआधी भिंतीला हात टेकून
टाच न उचलता पोटरी ताणा, म्हणाल्या.
मग पेन थांबवून म्हणाल्या,
आणि पुष्कळदा, बाई, कारण सापडतच नाही.
तेवढ्यासाठी मला त्या आवडल्या.

आज इरय्या रात्रपाळीला.
आज माझी पोटरी.

हात पुढं केला तर बोटांपर्यंत पोचेना.
दुसऱ्याचा पाय किती जवळ असतो.
चाचपडत तोच टॉवेल ओढला,
तळव्यात अडकवला, दोन्ही टोकं धरून खेचलं
लगाम खेचतात तसं,
आणि आईला हाक मारली, जी इथं नाही.
थोडं सुटलं. पुन्हा धरलं.
मग सरकत सरकत भिंतीपाशी,
पंजा भिंतीवर सपाट.

भिंत थरथरत होती.
पलीकडं गड्डमचे माग चालू,
खटक खटक तळव्यातून नडगीत,
नडगीतून मांडीत.
इरय्याचा कारखाना इथून दोन कोस,
ही थरथर त्याची नाही, मला कळतं.
तरी पाय काढला नाही.

पावणेतीनला नळानं हवा सोडली.
मी उठले. शहाबादी फरशी गार,
टाच टेकली, पूर्ण टेकली, भार दिला,
आणि आत काहीतरी उसवल्यासारखं झालं.
उद्या दिवसभर ठणकेल, ते ठाऊक आहे.

पहिली घागर देवाची असते आमच्याकडं.
आज पहिला तांब्या मी तिथंच, उभ्यानं प्याले.
दुसराही.

सकाळी तो येईल, डोळे लाल, कानात अजून माग,
म्हणेल, झोपलीस का?
पाणी आलं होतं, म्हणेन.